वॉर्फला कॅप्टनने हुकूम द्यायला हवा होता का?

माजी_सुभेदार

नमस्कार मंडळी,

इथं मी एरवी वाचायलाच येतो. आज एक प्रश्न आहे, घरात कुणी त्याचं धड उत्तर देईना, म्हणून धागा काढतोय.

पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सध्या महाप्याला एका कंपनीत सिक्युरिटीचं बघतो, राहायला ऐरोलीत. धाकटी लेक घरूनच काम करते. तिने मला 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही १९८७ ते १९९४ मधली मालिका लावून दिली. म्हणाली, "पपा, यात तुमच्या खात्याचा माणूस आहे." बघतो तर वॉर्फ. क्लिंगॉन नावाच्या लढवय्या जमातीतला. कपाळभर हाडांचे कंगोरे, छातीवर आडवा धातूचा पट्टा, आवाज खर्जातला. माणसांच्या जहाजावर हा एकटा क्लिंगॉन, आणि काम सुरक्षा प्रमुखाचं.

सुरुवातीचे भाग मी हसतच बघितले. समोर अनोळखी जहाज आलं की हा विचारणार, शील्ड्स, म्हणजे जहाजाभोवतीचं संरक्षक कवच, वर घेऊ का? कॅप्टन पिकार्ड म्हणणार, नको, उगाच त्यांचा गैरसमज होईल. शस्त्रं सज्ज करू? नको. आणि थोड्या वेळाने दणका बसला की सगळे वॉर्फकडे बघणार. आमच्या गेटवर रोज हेच चालतं. "साहेब, डिकी उघडायला सांगू?" "अहो राहू द्या, व्हीपींचे पाहुणे आहेत." गाडीखाली आरसा फिरवायला वाकलेलं पोरगं तसंच उठतं, बूम बॅरिअर वर जातो. पुढं आत काही कमी-जास्त झालं की पहिला फोन मला. वॉर्फचं आणि माझं गोत्र जुळलं ते इथं.

पण प्रश्न तो नाही. प्रश्न आहे तिसऱ्या सीझनमधल्या 'द एनिमी' या भागाचा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोम्युलन हे शत्रू. एका वादळी ग्रहावर त्यांचं छोटं यान कोसळतं आणि त्यातला एक जखमी जहाजावर आणला जातो. डॉक्टर क्रशर बाई सांगतात, याला वाचवायचं तर जुळणारे रायबोसोम, म्हणजे पेशींमधले कण, दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरातून द्यावे लागतील. तपासणी होते. अख्ख्या जहाजावर जुळतो तो एकटा वॉर्फ. आता वॉर्फचे आई-वडील खिटोमर नावाच्या ठाण्यावर रोम्युलनांच्याच हल्ल्यात गेलेले, हा तेव्हा लहान पोर. तो सरळ नाही म्हणतो.

मग कॅप्टन त्याला एकट्याला बोलावून घेतो. तिकडे रोम्युलनांचं मोठं जहाज सरहद्दीवर येतंय, हा कैदी मेला तर लढाई पेटायची धास्ती. वॉर्फ म्हणतो, हुकूम द्या, पाळीन. कॅप्टन म्हणतो, हुकूम द्यायचा नाहीये मला, तू आपणहून दे, हवं तर मी हात जोडतो. वॉर्फ म्हणतो, नाही जमणार. कॅप्टन म्हणतो, जा. रोम्युलन मरतो.

माझं म्हणणं, कॅप्टनने हुकूम द्यायला हवा होता. तो रोम्युलन वाचावा म्हणून नव्हे. वॉर्फसाठी.

हुकूम म्हटलं की बाहेरच्यांना जबरदस्ती दिसते. जवानाला विचारा. काश्मीरमध्ये असताना आमच्या हाती पलीकडचा एक जखमी लागला. आठवडाभर आधीच माझ्या सेक्शनमधला एक जण गेला होता. जखमीची शुश्रूषा करायची हे १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे, आम्हाला शिकवलेलंही असतं, पण कुणी जागचं हलेना. मेजरसाहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं, पाणी पाजा, पट्टी बांधा. मी बांधली. त्याच्या मांडीवरचं कापड रक्ताने चिकटलं होतं, ते कात्रीने सोडवताना हात थरथरत होते ते रागाने. पट्टी मात्र नीट बांधली, सैल नाही आणि आवळूनही नाही. पुढं रजेवर आलो तेव्हा गेलेल्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने यातलं काही विचारलं नाही, तिला माहीतच नव्हतं. पण विचारलं असतं तरी माझ्यापाशी उत्तर होतं. हुकूम होता, आई.

साहेब जर म्हणाले असते, "कुणाला वाटत असेल तर बघा बरं का," तर मी पुढं झालो असतो का? आणि झालो असतो, तर त्या माउलीच्या घरी चहा घेऊ शकलो असतो का?

पिकार्डने नेमकं ते केलं. हो म्हण, आई-बापांशी गद्दारी. नाही म्हण, तुझ्या नावावर एक मुडदा आणि कदाचित लढाई. स्वतः मात्र मोकळा, मी तर विनवणी केली होती. लेक म्हणते, "पपा, शरीर ज्याचं त्याचं." थोरला म्हणतो मालिका आहे, सोडा. तुम्ही सांगा.

कळव्याचा_क्लिंगॉन

सुभेदारकाका, सलाम. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि रबाळे कधी गेलं कळलं नाही.

आधी तुमच्या गोत्राबद्दल. वॉर्फचं काम करणारा मायकेल डॉर्न मूळचा टेक्सासचा. मालिका आखली तेव्हा हे पात्र मूळ यादीत नव्हतंच, उशिरा आलं. पहिल्या सीझनमध्ये सुरक्षा प्रमुख ताशा यार होती. ती मेली आणि ती खुर्ची वॉर्फकडे आली. पुढे हाच वॉर्फ 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच दुसऱ्या मालिकेत गेला, चार चित्रपटांत आला, २०२३ मध्ये 'पिकार्ड' या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये पांढऱ्या केसांनी परत आला. स्टार ट्रेकच्या सगळ्या मालिका धरल्या तर सर्वांत जास्त भागांत दिसलेला नट तोच. ते कंगोरे रोज सकाळी रंगभूषेच्या खुर्चीत बसून चिकटवून घ्यायचे, इतकी वर्षं. यालाच मी शिस्त म्हणतो.

त्याचा सल्ला न ऐकण्यावर आणि त्याला बडवण्यावर तर चाहत्यांनी एक नावच पाडलंय, 'वॉर्फ इफेक्ट'. नवा खलनायक किती भारी आहे हे दाखवायचं असलं की लेखक त्याच्याकडून पहिल्यांदा वॉर्फला भिंतीवर आपटून घेतात. जहाजावरचा सगळ्यात दांडगा गडी आपटला म्हणजे प्रेक्षकाने काय ते समजावं. असं इतक्यांदा केलं की शेवटी वॉर्फ कुणाला मारूच शकत नाही असं वाटायला लागलं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही भागाचा अर्धाच भाग सांगितलात. खाली ग्रहावर जहाजाचा इंजिनिअर जॉर्डी अडकलाय, जन्मापासून आंधळा, डोळ्यांवर यंत्र लावून बघणारा. त्याच्यासोबत दुसरा रोम्युलन, बोक्रा. बोक्राला आधी हेच नवल वाटतं की असं मूल याच्या आई-बापांनी जगू कसं दिलं. आणि तेच दोघं एकमेकांच्या आधाराने वाट काढतात, बोक्राचे डोळे आणि जॉर्डीचं यंत्र मिळून. त्यांनाही कुणी हुकूम दिलेला नाही. शेवटी त्या दोघांना वर घ्यायचं म्हणून पिकार्ड शत्रूच्या तोफांसमोर स्वतःच्या जहाजाची शील्ड्स खाली करतो. म्हणजे वॉर्फकडे जे मागितलं तेच तो स्वतः देतो, जिवावर उदार होऊन. ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणारा माणूस असं करेल?

आणि एक. वॉर्फला ज्याने वाढवलं तो सर्गेई रोझेन्को खिटोमरला मदतीला गेलेल्या जहाजावरचा. अधिकारी नव्हे, चीफ पेटी ऑफिसर. तुमच्याच पंगतीतला! याच सीझनमधला 'सिन्स ऑफ द फादर' बघून या, मग बोलू. खिटोमरचं पुढचं फोडत नाही.

तारीख_पे_तारीख

ठाणे कोर्टात वकिली करतो, लष्करी कायदा माझा प्रांत नव्हे, तरी दोन ओळी. आर्मी अ‍ॅक्ट १९५०, कलम ४१. वरिष्ठाची आज्ञा मोडणं गुन्हा, पण ती आज्ञा कायदेशीर हवी. पाणी पाजा, पट्टी बांधा, यात वाद नाही. स्वतःच्या शरीरातून काढून दे, यावर मात्र मी दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा दिवस बोलू शकतो. फी वेगळी.

ओ_निगेटिव्ह

सुभेदारकाका, मी ठाण्यात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. ही मालिका कधी बघितली नव्हती, काल रात्री तुमच्यामुळे हा एक भाग बघितला. पट्टीपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. शरीरातून काढून देण्यापुरतं अजिबात नाही.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांना बदली रक्तदाते आणायला सांगतात. मग मामा-काका मिळून एखाद्या भाच्याला जवळजवळ धरूनच आणतात. विशीतलं पोरगं, फॉर्म मामाच भरतोय, "हो, कावीळ नाही, हो, गोळ्या नाहीत," उत्तरंही मामाच देतोय. मी मामाला बाहेर बसवते. प्रश्न एकट्यालाच विचारायचे असतात. वजन ४५ च्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, बीपी ठीक. मग विचारते, तुला द्यायचंय ना? एकाने मान वर न करता, बोटावरचा टोचलेल्या जागेचा कापूस दाबत मला सांगितलं, "मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना, माझं हिमोग्लोबिन कमी आहे." मी बाहेर येऊन मामाला म्हटलं, याचं आज घेता येणार नाही. का, ते सांगितलं नाही. ते विचारलं तरी आम्ही सांगत नाही. मामा माझ्यावर चिडला, चिडू दे.

यात नुसती दया नाहीये. दबावाखाली आलेला माणूस खोटं बोलतो. कावीळ लपवतो, गोंदण लपवतो, परवाच्या तापाचं सांगत नाही. पैसे घेऊन रक्त देणारे असायचे तेव्हा हाच धोका होता. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झाले. आपणहून आलेल्याचं रक्त जास्त सुरक्षित, हे आमच्याकडे भावनिक वाक्य नाही, रोजचा हिशेब आहे.

आणि काका, तुम्ही, क्लिंगॉनभाऊ आणि वकीलसाहेब, तिघांनीही पेशंटला सोडूनच दिलंत. वॉर्फ त्याच्या खाटेपाशी जातो तेव्हा तो रोम्युलन शुद्धीवर आहे. क्लिंगॉनची घाण अंगात भरून घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो तोंडावर सांगतो! रक्त चढवण्याआधी घेणाऱ्याचीही लेखी संमती लागते. शुद्धीतला माणूस नको म्हणाला तिथे विषय संपला. पिकार्डने वॉर्फला हुकूम दिला असता आणि वॉर्फने हात पुढे केला असता, तरी ते द्यायचं कुणाला? क्रशर बाईंनी हे कॅप्टनला आधी सांगायला हवं होतं. माझा राग त्यांच्यावर आहे.

तारीख_पे_तारीख

ओ_निगेटिव्ह ताई, तुम्ही माझा अर्धा दिवस खाल्लात. +१

माजी_सुभेदार

सगळ्यांचे आभार. क्लिंगॉनच्या सांगण्यावरून 'सिन्स ऑफ द फादर' बघितला, दोनदा.

आधी ताईंना. पेशंटचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त एवढंच, कैदी असंच बोलतो. पाणी नको म्हणणारे मी बघितलेत, आणि तासाभराने तोच हात ग्लासाकडे येतो. लेखी संमती युद्धात कुठून आणायची? पण ते राहू दे. तुमच्या त्या पोराचं बघा. त्याला नाही म्हणायचं होतं, पण मामासमोर ते स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नव्हतं. त्याने तुमच्याकडे काय मागितलं? आडोसा. तुम्ही बाहेर जाऊन सांगितलंत, घेता येणार नाही. मामाचा राग तुमच्यावर, पोरगं सुटलं. ताई, हुकूमच दिलात की तुम्ही! माझे मेजरसाहेब याहून वेगळं काय करत होते? आपलं भांडण हुकूम असावा की नसावा यावर नाहीच, कुणाचा राग कुणी अंगावर घ्यायचा यावर आहे. तुम्ही घेतलात. पिकार्डने घेतला नाही.

क्लिंगॉन, तू शील्ड्सचं लिहिलंस, ते मला मान्य आहे. जहाजाच्या बाबतीत तो कॅप्टन वाघ आहे. एका माणसाच्या बाबतीत त्या दिवशी कमी पडला. दोन्ही खरं असू शकतं. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले निम्मे असेच होते.

आता तो भाग. खिटोमरच्या संरक्षणाचे कोड रोम्युलनांना कुणी दिले, तर क्लिंगॉनानेच, आणि नाव लावलं वॉर्फच्या मेलेल्या बापाचं. ज्याच्या बापाने ते केलं तो डुरास क्लिंगॉनांच्या परिषदेत ताठ मानेने बसलेला. खरं काय ते वॉर्फला कळतं, परिषदेच्या म्होरक्यालाही ठाऊक असतं, पण उघड केलं तर साम्राज्यात यादवी माजेल. तेव्हा वॉर्फ आपणहून कलंक घेतो. एकेक सरदार त्याच्याकडे पाठ करतो. सख्खा भाऊ कर्न पाठ फिरवायला तयार नसतो, त्याला वॉर्फच ते करायला लावतो. तिथं मात्र मला बोलायला काही सुचलं नाही. कुणी हुकूम दिला नव्हता, कुणी हात जोडले नव्हते. म्हणजे गडी ओझं उचलणारा आहे. पण ते आपल्या माणसांसाठी होतं. शत्रूसाठी उचलायचं तर वरून कुणीतरी सांगावं लागतं, हे माझं मत तसंच आहे.

एक तक्रार मात्र लेखकांबद्दल. तो रोम्युलन मेला आणि पुढच्या भागात वॉर्फ नेहमीसारखा ड्युटीवर. त्याचा उल्लेखसुद्धा नाही. वर आता कळतं की ज्याच्यावरचा राग धरून त्याला मरू दिलं, तो घाव निम्मा घरच्याच माणसाने घातलेला होता. मग वॉर्फला त्या खाटेवरच्या माणसाची आठवण एकदाही येऊ नये? मला तो कात्रीने सोडवलेला कपडा अजून आठवतो, आणि माझा जखमी तर वाचला होता.

ओ_निगेटिव्ह

काका, मी दिला तो हुकूम मामाला. पोराला नाही. हा फरक लहान नाही. पण राग कुणी घ्यायचा हे वाक्य मी आमच्या इंचार्जना ऐकवणार आहे, पुढच्या वेळी मामा त्यांच्याकडे पाठवीन.

बाकी वॉर्फ तो प्रून ज्यूस पितो ना, लढवय्यांचं पेय म्हणून? माझ्या सासूबाईही पितात. त्या वेगळ्या कारणासाठी.

कळव्याचा_क्लिंगॉन

काका, तुमच्या थिअरीला उलटा लागणारा भाग सांगतो. 'डीप स्पेस नाइन', १९९८, 'चेंज ऑफ हार्ट'. इथे कामगिरी स्पष्ट दिलेली आहे. जंगलात शत्रूकडून फुटलेल्या एका कार्डेशियन (ही आणखी एक परकी जमात) खबऱ्याला गाठून सुरक्षित आणायचं. जोडीला आहे वॉर्फची बायको जाड्झिया, तीही अधिकारीच. ती वाटेत गंभीर जखमी होते. तिला तिथेच ठेवून पुढे जायचं, हे कर्तव्य. वॉर्फ निघतो, थोडं चालतो, आणि परत फिरतो. बायको वाचते, खबरी मारला जातो, त्याच्यासोबत बरीच माहितीही जाते. कॅप्टन सिस्को त्याला समोर उभा करून सांगतो की यापुढे तुला स्वतःचं जहाज मिळेल असं वाटत नाही. आणि जाता जाता हेही सांगतो की माझी बायको तिथे पडली असती तर मीही तिला सोडून गेलो नसतो.

म्हणजे हुकूम होता, आडोसाही होता, तरी याने ते सगळं बाजूला ठेवलं. इथे तुमचे मेजरसाहेब काय म्हणाले असते?

माजी_सुभेदार

मेजरसाहेबांनी चार्जशीट केलं असतं आणि संध्याकाळी मेसमध्ये बोलावून पाठीवर हात ठेवला असता. सिस्को बरोबर आहे. दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितल्या, हे मला आवडलं.

हा भाग रविवारी सौ. बरोबर बघतो. तिचं मत मला आताच माहीत आहे, तरी बघतो.

कळव्याचा_क्लिंगॉन

अहो काका थांबा, त्याच्यावर लगेच उडी मारू नका! मध्ये चौथा सीझन आहे. त्यात 'फॅमिली' बघा, सर्गेई रोझेन्को येतो जहाजावर पोराला भेटायला. मग 'रियुनियन', तिथे डुरासचं काय होतं ते कळेल. लॉगिनचा घोळ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी ऐरोलीत मावशीकडे असतो, येऊन लावून देतो.